वकिलाची निष्ठा आणि हितसंबंधांचा संघर्ष: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हितसंबंधांचा संघर्ष नेमका कशाला म्हणतात?

एका अशिलासाठी जे करणे वकिलावर बंधनकारक आहे, त्याच्या आड दुसऱ्या अशिलाचे, पूर्वीच्या अशिलाचे, एखाद्या तिऱ्हाइताचे किंवा वकिलाचे स्वतःचे हित येत असेल, किंवा ते येण्याची खरीखुरी शक्यता असेल, तर त्या परिस्थितीला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात. प्रत्यक्ष नुकसान व्हायलाच हवे असे नाही. साक्षीदाराची उलटतपासणी किती ताणायची, तडजोडीचा प्रस्ताव आज ठेवायचा की पुढच्या तारखेपर्यंत थांबायचे, एखादा मुद्दा कैफियतीत घ्यायचा की वगळायचा, असे अनेक निर्णय वकील एकटाच घेत असतो आणि त्यांमागचे कारण अशिलाला बहुधा कधीच कळत नाही. दुसऱ्या कुणाच्या हितामुळे एखादा प्रश्न विचारायचाच राहून गेला, तर ते नोंदीत कुठेही दिसत नाही. न विचारलेल्या प्रश्नाचा पुरावा नसतो. त्यामुळे या बाबतीतले नियम निकालावरून मागे जात नाहीत, ते परिस्थितीपासूनच सुरू होतात.

वकील प्रामाणिक असेल, तरीही हरकत घ्यायची का?

होय. हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्यामागचा गैरसमजही तितकाच पक्का आहे. हितसंबंधांचा संघर्ष म्हणजे वकिलावर केलेला आरोप नव्हे. अत्यंत सचोटीचा वकीलही अशा स्थितीत सापडू शकतो. किंबहुना ज्याचे काम मोठे आणि नाव चांगले, त्याच्या वाट्याला असे प्रसंग अधिक येतात. आपल्या निर्णयावर दुसऱ्या हिताची छाया पडली आहे की नाही हे त्याला स्वतःलाही खात्रीने सांगता येत नाही, आणि अशिलाला तर ते तपासण्याचा मार्गच नसतो. ‘आमचे वकीलसाहेब तसे नाहीत’ हे उत्तर म्हणूनच अपुरे पडते. ते कसे आहेत हा मुद्दाच नाही.

निष्ठेच्या कर्तव्यात काय काय येते?

वकील आणि अशील यांचे नाते विश्वासाश्रित मानले जाते. त्यातून मुख्यतः चार बंधने येतात: अशिलाच्या हिताला बाधा येईल अशी दुसरी बांधिलकी न स्वीकारणे, त्याच्या कामातून त्याच्या नकळत स्वतःचा लाभ न करून घेणे, त्याने सांगितलेली माहिती बाहेर न फोडणे आणि त्याच्या प्रकरणाशी संबंधित जे आपल्याला ठाऊक आहे ते त्याच्यापासून न लपवणे. शेवटची दोन बंधने एकाच अशिलाच्या बाबतीत गुण्यागोविंदाने नांदतात. दोन अशील आले की ती एकमेकांवर आदळतात, आणि पुढच्या बऱ्याच प्रश्नांचे मूळ तिथेच आहे.

निष्काळजीपणा आणि निष्ठाभंग यांत मात्र फरक करावा लागतो. इंग्लंडमधील ‘ब्रिस्टल अँड वेस्ट बिल्डिंग सोसायटी विरुद्ध मॉथ्यू’ या १९९६ च्या निकालात घर विकत घेणारे आणि त्यांना कर्ज देणारी संस्था या दोघांचेही काम एकाच सॉलिसिटरकडे (अशिलाला सल्ला देणाऱ्या आणि कागदपत्रे पाहणाऱ्या वकिलाकडे) होते आणि त्याने कर्ज देणाऱ्या संस्थेला चुकीची माहिती कळवली होती. ती चूक नजरचुकीने झाली होती, एकाला झुकते माप देण्यासाठी नव्हे, म्हणून न्यायालयाने तिला निष्काळजीपणा म्हटले. निष्ठाभंग मानले नाही. वकिलाची प्रत्येक चूक ‘फितुरी’ म्हणून मांडणाऱ्या तक्रारी बऱ्याचदा याच ठिकाणी ढासळतात.

एकाच वकिलाने दोन्ही बाजूंचे काम पाहिले तर चालते का?

न्यायालयात एकमेकांसमोर उभ्या असलेल्या दोन पक्षांचे वकीलपत्र एकाच वकिलाला घेता येत नाही, आणि संमतीनेही ते जमत नाही, असाच नियम जवळपास सर्वत्र आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये अशा एका प्रकरणात एका पक्षाकडे नेमणूक असताना दुसऱ्याचेही काम स्वीकारणाऱ्या वकिलाला दोषी धरून त्याच्यावर निलंबनाची कारवाई कायम ठेवली. फक्त तिची मुदत कमी केली.

व्यवहाराच्या कामांत, म्हणजे खरेदीखत, कर्ज, भागीदारीचा करार यांत, चित्र इतके स्पष्ट नसते. दोन्ही पक्षांना व्यवहार पुरा व्हायला हवा असतो, खर्च वाचवायचा असतो आणि वाद झालेला नसतो. तरीही किंमत, मुदत, हमी आणि व्यवहार मोडल्यास काय, या चार ठिकाणी एकाचा फायदा हा दुसऱ्याचा तोटाच असतो. इंग्लंडमधील ‘हिल्टन विरुद्ध बार्कर बूथ अँड ईस्टवुड’ हे प्रकरण या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. जमिनीच्या व्यवहारात एकाच फर्मकडे दोन्ही पक्ष होते. त्यांपैकी एकाला पूर्वी फसवणुकीबद्दल शिक्षा झालेली होती आणि फर्मला ते ठाऊक होते. शिवाय त्याची अनामत रक्कम फर्मनेच उसनी दिलेली होती. दुसऱ्या अशिलाला यातले काहीच सांगितले गेले नाही. पहिल्या अशिलाची माहिती गोपनीय असल्यामुळे आम्हाला ती सांगता येत नव्हती, असा फर्मचा बचाव होता. तेव्हाचे तिथले सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने २००५ मध्ये तो फेटाळला: एकमेकांशी विसंगत अशी दोन कर्तव्ये फर्मने स्वतःहून अंगावर घेतली, तर एका कर्तव्याची ढाल करून दुसरे टाळता येणार नाही, दोन्हींची जबाबदारी पूर्णपणे तिचीच.

उलट बाजूचे उदाहरणही आहे. न्यूझीलंडहून लंडनमधील प्रिव्ही कौन्सिलपुढे (तेव्हाच्या तिथल्या अंतिम अपील न्यायालयापुढे) गेलेल्या ‘क्लार्क बॉइस विरुद्ध मुआट’ या १९९३ च्या प्रकरणात एका वृद्ध आईने मुलाच्या कर्जासाठी स्वतःचे घर गहाण ठेवले होते आणि सॉलिसिटर दोघांचा एकच होता. त्याने तिला स्वतंत्र सल्ला घेण्याबद्दल पुनःपुन्हा सांगितले, मुलाने कर्ज फेडले नाही तर घर जाईल हेही सांगितले, आणि ते समजूनही तिने स्वतंत्र सल्ल्याला नकार दिला. पुढे मुलगा दिवाळखोर झाला. तरी सॉलिसिटरला दोषी धरले गेले नाही, कारण तिला जे समजायला हवे होते ते समजलेले होते. दोन निकालांतला फरक वकिलाच्या हेतूचा नाही. समोरच्याला काय सांगितले आणि काय दडवले, याचा आहे.

दोघे सहआरोपी आहोत. एकच वकील ठेवला तर?

शक्यतो ठेवू नये. सुरुवातीला दोघांचा बचाव एकच असतो. मग एकाला माफीचा साक्षीदार होण्याबद्दल विचारणा होते, किंवा ‘मी नव्हतो, तो होता’ हाच एकाचा सर्वोत्तम बचाव ठरतो, आणि त्या क्षणी समाईक वकिलाला तोंड उघडणेही कठीण होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘हॉलोवे विरुद्ध आर्कान्सा’ या १९७८ च्या निकालात तीन आरोपींसाठी नेमलेल्या एकाच वकिलाने वेळीच घेतलेली हरकत धुडकावून चालवलेला खटला रद्दबातल ठरवला आणि त्यासाठी आरोपींना आपले नुकसान वेगळे सिद्ध करावे लागले नाही. पुढे १९८८ च्या ‘व्हीट’ निकालात त्याच न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले: आरोपींनी संमती दिली तरी खटल्याचा न्याय्यपणा जपण्यासाठी न्यायालय ती नाकारू शकते.

परस्पर संमतीने घटस्फोट घेत असू, तर तरी एक वकील पुरेल ना?

कागद तयार करण्यापुरता पुरेल असे वाटते, आणि काही ठिकाणी ते चालवूनही घेतले जाते. पण पोटगी, घर आणि मुलांचा ताबा यांचे आकडे आणि अटी ठरायच्या बाकी असतील, तर संमती फक्त वेगळे होण्याला आहे, अटींना नाही. अशा वेळी दुसऱ्या वकिलाची फी वाचवणे महागात पडू शकते.

पूर्वी माझे काम केलेला वकील आता माझ्याविरुद्ध उभा राहिला आहे. हे योग्य आहे का?

ते दोन्ही कामांच्या संबंधावर अवलंबून आहे. त्याच प्रकरणात, किंवा त्याच्याशी निगडित प्रकरणात, विरुद्ध पक्षाकडून उभे राहता येत नाही. भारतीय बार कौन्सिलच्या नियमांतील ३३ वा नियम याबाबत ठाम आहे: ज्या वकिलाने एखादा दावा, अपील किंवा अन्य प्रकरण दाखल करण्याबाबत कधीही सल्ला दिला असेल, त्यातील कागद लिहिले असतील किंवा एका पक्षाचे काम पाहिले असेल, त्याने विरुद्ध पक्षासाठी काम करू नये. अमेरिकन बार असोसिएशनचे आदर्श नियम ‘तेच किंवा ठळकपणे संबंधित प्रकरण’ अशी कसोटी लावतात, मात्र जुन्या अशिलाने लेखी दुजोरा असलेली संमती दिली तर वाट मोकळी ठेवतात.

यामागची भीती गोपनीय माहितीची आहे. काम संपले की तुमच्यासाठी झटण्याचे वकिलाचे बंधन संपते, गोपनीयतेचे बंधन संपत नाही. ते अशिलाच्या मृत्यूनंतरही टिकते. दहा वर्षांपूर्वी वकिलाने तुमच्या मालमत्तेच्या वादात काम केले आणि आज तो तुमच्या शेजाऱ्यातर्फे वाहन अपघाताच्या दाव्यात उभा आहे, एवढ्यावर हरकत टिकणे कठीण. पण त्या वेळी तुमची सगळी मिळकत आणि देणी त्याने पाहिलेली असतील आणि आजचा वाद पोटगीचा असेल, तर गोष्ट वेगळी.

फर्ममधला दुसराच वकील माझ्याविरुद्ध आहे. फर्म म्हणते, ‘आमच्याकडे आतमध्ये भिंत आहे’. हे मान्य करावे का?

सामान्य नियम असा की फर्ममधल्या एकाचा संघर्ष हा सर्वांचा संघर्ष. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या ‘मॅकडोनाल्ड इस्टेट विरुद्ध मार्टिन’ निकालात एका कनिष्ठ वकिलाने प्रकरण हाताळल्यानंतर विरुद्ध पक्षाच्या फर्ममध्ये नोकरी धरली, म्हणून त्या संपूर्ण फर्मला प्रकरणातून दूर केले. आम्ही त्याविषयी बोललो नाही, अशी शपथपत्रे तेवढ्याने पुरेशी मानली गेली नाहीत.

भिंत म्हणजे प्रत्यक्षात काय, हे विचारून घ्यावे. त्या वकिलाला संगणकावरील फाइल उघडता येते का, तो त्याच मजल्यावर बसतो का, त्या कामाच्या फीमधला वाटा त्याला मिळतो का, कारकून आणि टंकलेखक कोण आहेत, आणि ही व्यवस्था संघर्ष उद्भवण्यापूर्वी केली की हरकत आल्यावर? प्रिन्स जेफ्री बोल्किया आणि केपीएमजी यांच्या प्रकरणात हिशेबतपासनीस फर्मने आधी राजपुत्राच्या खासगी दाव्यांत मदत केली होती आणि नंतर त्याच्याशी संबंधित चौकशीचे काम ब्रुनेईच्या गुंतवणूक संस्थेकडून स्वीकारले. ऐन वेळी एकाच विभागात उभारलेली भिंत हाउस ऑफ लॉर्ड्सला पुरेशी वाटली नाही आणि डिसेंबर १९९८ मध्ये फर्मला मनाई केली गेली. माहिती फुटण्याचा खराखुरा धोका नाही, हे दाखवण्याचा भार फर्मवर आहे, असे त्या निकालाने सांगितले. भिंती कायमच्या, फर्मच्या रचनेतच असाव्यात, ही अपेक्षा माझ्या मते रास्त आहे, कारण हरकत आल्यावर बांधलेली भिंत हरकतीला उत्तर देण्यासाठीच बांधलेली असते.

वकील सध्या माझे काम करतो आणि वेगळ्याच प्रकरणात माझ्याविरुद्धही उभा आहे. विषयांचा काही संबंध नाही. तरीही हरकत घेता येईल का?

इथे देशोदेशींचे नियम वेगळे होतात. इंग्लंडमधील सॉलिसिटरांच्या नियमात संघर्ष तोच किंवा संबंधित विषय असेल तरच मानला जातो. अमेरिकेच्या आदर्श नियमांनुसार आणि कॅनडात मात्र चालू अशिलाविरुद्ध, विषय असंबद्ध असला तरी, संमतीवाचून उभे राहता येत नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या ‘नील’ निकालात ही रेषा आखली आणि २०१३ मध्ये ‘मॅकर्चर’ प्रकरणात तिच्या मर्यादा स्पष्ट केल्या. तिथे एका रेल्वे कंपनीची काही कामे पाहणाऱ्या फर्मने शेतकऱ्यांच्या वतीने त्याच कंपनीवर १७५ कोटी कॅनेडियन डॉलरचा सामूहिक दावा लावला, आणि कंपनीला त्याची माहिती दावा अंगावर आल्यावर मिळाली. नव्या, मोठ्या कामासाठी जुन्या अशिलाला घाईघाईने सोडून द्यायचे आणि ‘आता तो आमचा अशील नाही’ असे म्हणायचे, ही पळवाटही न्यायालये मान्य करत नाहीत. ज्याने आपली गुपिते विश्वासाने सांगितली त्याला समन्सवर आपल्याच वकिलाचे नाव दिसावे, यात कायद्याला जे खटकते ते विषयाच्या संबंधापलीकडचे आहे.

मी फक्त एकदा भेटलो, वकीलपत्र दिले नाही. तरी गोपनीयता लागू होते का?

होते. सल्ला घेण्याच्या हेतूने सांगितलेली माहिती, पुढे नेमणूक झाली नाही तरी, जपावीच लागते. मात्र काही धूर्त पक्षकार गावातल्या सगळ्या नामांकित वकिलांना अर्धा तास भेटून येतात, एवढ्याचसाठी की विरुद्ध पक्षाला त्यांपैकी कोणी मिळू नये. अशा भेटीला खऱ्या सल्लामसलतीचे संरक्षण मिळत नाही. म्हणूनच सावध वकील पहिल्या दूरध्वनीवर आधी दोन्ही बाजूंची नावे विचारतो आणि हकीकत नंतर ऐकतो.

वकिलाने अशिलाशी व्यवहार करणे किंवा भेट स्वीकारणे गैर आहे का?

सरसकट नाही, पण संशयाचा भार वकिलावर असतो. व्यवहार न्याय्य होता, अटी लेखी सांगितल्या होत्या आणि अशिलाला स्वतंत्र सल्ला घेण्याची संधी दिली होती, हे त्याला दाखवावे लागते. आपल्यालाच भरीव देणगी मिळेल असे मृत्युपत्र अशिलासाठी लिहून देणे, जवळचे नाते नसेल तर, आदर्श नियमांत निषिद्ध आहे. भारतीय नियमांनुसार ज्या प्रकरणात वकिलाची नेमणूक होती त्यातील मालमत्ता लिलावात त्याने विकत घेता येत नाही.

स्वतःच्या लाभाबाबत कायदा किती कठोर आहे, हे ‘बोर्डमन विरुद्ध फिप्स’ या १९६६ च्या निकालावरून दिसते. एका कौटुंबिक न्यासाच्या सॉलिसिटरने न्यासाचे काम करताना मिळालेल्या माहितीच्या आधारे एका कंपनीचे समभाग स्वतःच्या पैशाने घेतले आणि कंपनी सुधारली. न्यासाकडेही त्या कंपनीचे समभाग असल्याने न्यासालाही भरघोस फायदा झाला. त्याचा प्रामाणिकपणा कोणीच नाकारला नाही. तरीही सर्व लाभधारकांची जाणती संमती नव्हती, म्हणून तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने त्याला नफा परत करावा लागला. कष्टाचा मोबदला तेवढा उदारपणे मंजूर झाला. हा निकाल अन्यायकारक आहे असे मानणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचे म्हणणे वजनदार आहे.

फी दुसराच कोणी देत असेल, तर वकील कोणाचा?

ज्याचे काम तो करतो त्याचा. विमा कंपनी, मालक, मोठा भाऊ किंवा पक्ष संघटना फी देत असली, तरी सूचना अशिलाच्याच पाळायच्या असतात. पैसे देणाऱ्याने ‘लवकर मिटवा’ असा आग्रह धरला आणि अशिलाला लढायचे असेल, तर वकिलाने कोणाचे ऐकायचे हे सुरुवातीलाच लेखी ठरलेले बरे.

कंपनीचे वकील आणि कंपनीतला कर्मचारी यांचे नाते काय असते?

कंपनीच्या वकिलाचा अशील कंपनी असते. तिचा संचालक, व्यवस्थापक किंवा कर्मचारी नव्हे. अंतर्गत चौकशीत वकील मोकळेपणाने विचारपूस करतो आणि कर्मचाऱ्याला तो आपल्याच बाजूचा वाटू लागतो. त्या संभाषणाची गोपनीयता कंपनीच्या मालकीची असते आणि कंपनीला वाटले तर ती सोडून देता येते. वकिलाने हे विचारपूस सुरू करण्यापूर्वी सांगायला हवे, आणि त्याने सांगितले नाही तर कर्मचाऱ्याने विचारायला हवे.

संमती कधी खरी मानली जाते?

कागदावर सही आहे एवढ्याने नव्हे. संघर्ष कशामुळे आहे, तो पुढे कोणत्या टप्प्यावर चिघळू शकतो, त्याने आपले काय जाऊ शकते आणि दुसरा वकील घेतला तर काय फरक पडेल, हे अशिलाला त्याच्या भाषेत समजावून सांगितलेले असावे. विचार करायला वेळ दिलेला असावा. आणि हे सारे लिहून ठेवलेले असावे. इंग्लंडच्या ‘एट्रिज’ या २००१ च्या निकालाने पतीच्या कर्जाला हमी देणाऱ्या पत्नीच्या बाबतीत सॉलिसिटरने तिला समोरासमोर, पतीच्या गैरहजेरीत भेटून समजावले पाहिजे असे सांगितले. ही शिस्त इतरत्रही उपयोगी आहे.

अडचण अशी की पूर्ण माहिती दिल्याशिवाय संमती खरी होत नाही आणि ती माहिती दुसऱ्या अशिलाची गोपनीय असेल तर देता येत नाही. अशा वेळी संमती मागण्याचाच मार्ग बंद होतो आणि कारणाचा तपशील न सांगता काम नाकारणे एवढेच उरते. वकिलाने कारण न देता काम नाकारले तर रागावण्याआधी ही शक्यता ध्यानात घ्यावी.

संघर्ष मध्येच उद्भवला, तर काय होते?

वकिलाने लगेच कळवावे, आणि बहुतेक वेळा वकीलपत्र सोडावे. मात्र पुरेशी सूचना देऊन, पुढची तारीख सांभाळून, नवा वकील उभा राहीपर्यंत अशिलाला वाऱ्यावर न सोडता. कागदपत्रे परत मिळणे हा अशिलाचा हक्क आहे. फी थकली म्हणून फाइल अडवून धरता येत नाही, असे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘आर. डी. सक्सेना’ प्रकरणात २००० मध्ये स्पष्ट केले. सगळेच देश इतके स्पष्ट नाहीत.

निष्ठा म्हणजे अशील सांगेल ते सगळे करायचे का?

नाही. इंग्लंडचे वकील लॉर्ड ब्रूम यांनी १८२० मध्ये राणी कॅरोलाइनचा बचाव करताना वकील जगात एकाच व्यक्तीला ओळखतो आणि ती म्हणजे त्याचा अशील, असे हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर म्हटले होते. ते वाक्य आजही उद्धृत होते, पण कायदा तिथपर्यंत गेलेला नाही. खोटा पुरावा देणे, न्यायालयाची दिशाभूल करणे किंवा चालू असलेल्या गुन्ह्याला हातभार लावणे निष्ठेच्या नावाखाली बसत नाही.

निष्ठाभंग झाला असेल तर दाद कुठे मागावी?

प्रकरण चालू असेल तर त्याच न्यायालयात वकिलाला दूर करण्याची मागणी करता येते. ती लवकर करावी. काही पक्षकार ही हरकत राखून ठेवतात आणि प्रकरण अंगलट येऊ लागल्यावर बाहेर काढतात, हे न्यायाधीशांच्या लक्षात येते. नुकसानभरपाईचा दावा वेगळा. काही ठिकाणी फी परत करण्याचा आदेशही होतो: टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या ‘बरो विरुद्ध आर्स’ निकालात प्रत्यक्ष नुकसान सिद्ध न करताही फी जप्त होऊ शकते असे ठरवले. भारतात अॅडव्होकेट्स अॅक्ट, १९६१ च्या कलम ३५ खाली राज्य बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. समज देण्यापासून निलंबन आणि सनद काढून घेण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते. ग्राहक आयोगाचा मार्ग मात्र २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंद झाला आहे.

पहिल्या भेटीत वकिलाला काय विचारावे?

विरुद्ध पक्षातील सर्वांची नावे द्यावीत: व्यक्ती, कंपन्या, त्यांच्या उपकंपन्या, जामीनदार, महत्त्वाचे साक्षीदार. त्यांपैकी कोणाचे काम तुम्ही किंवा तुमच्या फर्मने केले आहे का, कोणाशी नाते किंवा पैशाचा संबंध आहे का, आणि या वादाच्या निकालात तुमचे स्वतःचे काही अडकले आहे का, असे सरळ विचारावे. भारतीय नियमांत नेमणुकीच्या वेळी अशी माहिती स्वतःहून देणे हे वकिलाचे कर्तव्यच आहे, त्यामुळे प्रश्नात अविश्वास नाही. उत्तर लेखी मिळाले तर उत्तम. न मिळाल्यास भेटीनंतर त्याच दिवशी ‘आपण असे सांगितलेत’ असा ईमेल पाठवून त्याची प्रत जपून ठेवावी. नवीन पक्ष प्रकरणात आला की हाच प्रश्न पुन्हा विचारावा.